तुरटीला कळते, ते जिभेला कळत नाही

रक्तातील साखर तपासून घेणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिलेली असते. इतर तपासण्यांचे रक्त जांभळ्या, लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत जाते. साखरेसाठीचे रक्त मात्र राखाडी टोपणाच्या नळीत. या नळीच्या तळाशी थोडी पांढरी पूड असते. तीत बहुधा दोन क्षार असतात, पोटॅशियम ऑक्झलेट आणि सोडियम फ्लोराइड. रक्त शरीराबाहेर आले तरी त्यातील पेशी जिवंत असतात आणि साखर जाळत राहतात. तशीच नळी ठेवली तर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते, आणि मधुमेही माणूस कागदावर निरोगी ठरू शकतो. ऑक्झलेट रक्तातील कॅल्शियम धरून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. फ्लोराइड पेशीतील मॅग्नेशियमला चिकटते. साखर जाळण्याच्या साखळीतील इनोलेज नावाचे विकर मॅग्नेशियमवाचून चालत नाही. ते अडले की तासा-दोन तासांत पेशींची चूल विझते.

दोन्ही क्षारांचे काम एकाच गुणावर चालते. ऋण विद्युतभार असलेला लहानसा कण धातूच्या कणाला घट्ट धरतो. नळीत हा गुण उपकारक आहे. पण हाच फ्लोराइड हातपंपाच्या पाण्यातून रोज पोटात जात असेल, तर तो धरण्यासाठी धातू शोधतोच. माणसाच्या शरीरात सर्वांत जास्त असलेला धातू म्हणजे कॅल्शियम, आणि तो असतो दातांत आणि हाडांत.

फ्लोराइडचे पाणी हा विषय नवा नाही. भारतात या आजाराची वैद्यकीय नोंद १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातून झाली. जवळजवळ नव्वद वर्षे झाली तरी तो संपलेला नाही. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत आणि शेजारी तेलंगणात नलगोंडा परिसरात पिवळे-तपकिरी दात आणि आखडलेल्या पाठी आजही दिसतात. हा आजार झाल्यावर बरा करणारे औषध नाही. मात्र तो टाळणे पूर्णपणे हातात आहे. दोन्हींचे कारण एकच, फ्लोराइडचा चिकट स्वभाव. हा स्वभाव समजला की कोणता उपाय खरा आणि कोणता देखाव्याचा, हेही कळते.

लहान चण, घट्ट पकड

फ्लोरिन हे अतिशय लहान अणूचे मूलद्रव्य आहे. त्याला एक जादा इलेक्ट्रॉन मिळाला की फ्लोराइड आयन तयार होतो. मिठातील क्लोराइडवरही तेवढाच भार असतो, पण क्लोराइडची चण मोठी. सारखेच वजन रुंद पाटावर ठेवले तर त्याचा दाब पसरतो, खिळ्याच्या टोकावर ठेवले तर एका जागी एकवटतो. तसे हे आहे. फ्लोराइडचा भार लहान जागेत दाटलेला असल्याने आजूबाजूच्या धनभारित कणांवर त्याची ओढ जबर असते. त्यातही जे धातूकण स्वतः लहान आणि एकाहून अधिक धनभार बाळगणारे आहेत, त्यांच्याशी त्याचे विशेष जमते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, झिर्कोनियम ही त्यांतील काही नावे.

धातू नसेल तेव्हा तो पाण्याला धरतो. पाण्याच्या रेणूतील हायड्रोजनवर किंचित धनभार असतो. फ्लोराइडभोवती पाण्याचे रेणू आपले हायड्रोजन आत वळवून गोळा होतात. या बांधणीला हायड्रोजन बंध म्हणतात. एक बंध फार बळकट नसतो, पण चारी बाजूंनी अनेक बंध जुळले की वेढा घट्ट होतो. क्लोराइडला पाण्यातून बाहेर ओढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्यापेक्षा फ्लोराइडला जवळजवळ एक तृतीयांश अधिक लागते.

याचा घरगुती अर्थ महत्त्वाचा आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. कापडाने गाळणे, साधी कॅन्डल, क्लोरीनचे थेंब, अतिनील दिवा यांपैकी कशालाच तो दाद देत नाही. आयनांची अदलाबदल करणारी साधी राळ वापरली, तरी ती क्लोराइड आणि सल्फेट आधी उचलते आणि पाण्याच्या वेढ्यात बसलेल्या फ्लोराइडला शेवटी विचारते. नेहमीच्या प्रमाणात त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणून ‘पाणी गोड आहे, नितळ आहे, आजोबांपासून आम्ही हेच पितो’ या साक्षीला इथे काही किंमत नाही.

खरे तर गोड्या पाण्याबाबतच अधिक सावध राहायला हवे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जुळून न विरघळणारा क्षार बनतो आणि खडकातच राहतो. ज्या भूजलात कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त, त्यात फ्लोराइडला अडवणारे कोणी नसते. असे पाणी जिभेला मऊ लागते, साबणाला फेस चांगला येतो, भांड्यावर पांढरा थर बसत नाही. लोक त्याला चांगले पाणी म्हणतात.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग काळ्या बेसाल्टचा आहे आणि त्यातील पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असतो. पूर्वेकडील जिल्ह्यांत, जिथे ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीचे जुने खडक आहेत, तिथे तो वाढतो. उथळ विहिरीत पावसाचे नवे पाणी दरवर्षी मुरते. खोल विंधन विहिरीतील पाणी मात्र खडकाच्या सहवासात दीर्घकाळ राहिलेले असू शकते, आणि जितका सहवास जास्त तितका फ्लोराइड उतरण्याला वाव. दुष्काळात विहीर आटली म्हणून बोअर मारली, पाणी लागले, गावात पेढे वाटले गेले. त्या पाण्यात काय आहे हे मात्र कोणी विचारले नाही, अशी ही गोष्ट अनेक गावांत घडलेली आहे.

पोटातून हाडापर्यंत

पाण्यातील फ्लोराइड जठरात पोहोचला की तिथल्या तीव्र आम्लात त्याला हायड्रोजनचा कण मिळतो. फ्लोरिन आणि हायड्रोजनची जोडी इतकी पक्की असते की जठराच्या आम्लतेत बहुतेक फ्लोराइड या रूपात जातो. आता त्याच्यावर भार उरत नाही. भारित कणांना सहज वाट न देणारे पेशींचे आवरण हा लहानसा भाररहित रेणू चटकन ओलांडतो. तासाभरात तो रक्तात पोहोचलेला असतो. पोटात त्याच वेळी दूध, दही, नाचणी, तीळ असे कॅल्शियमचे अन्न असेल, तर काही फ्लोराइड तिथेच धरला जातो आणि शौचावाटे बाहेर पडतो. रिकाम्या पोटी प्यालेल्या पाण्यातील जवळजवळ सगळा शोषला जातो. कुपोषित मुलाला आणि दूध न परवडणाऱ्या बाईला त्याच पाण्याचा जास्त त्रास होतो, त्याची एक मेख इथे आहे.

रक्तातून पुढे दोनच मोठे रस्ते आहेत. एक मूत्रपिंडातून बाहेर, दुसरा हाडांत. शरीरात साठलेल्या फ्लोराइडपैकी सुमारे ९९ टक्के हाडांत आणि दातांत असतो. वाढत्या मुलांची हाडे तो अधिक वेगाने ओढतात. ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे, त्यांच्यात बाहेरचा रस्ता अरुंद होतो आणि हाडांकडचा भार वाढतो.

दात आणि हाडे ज्या खनिजाची बनतात, त्यात कॅल्शियमच्या कणांनी वेढलेल्या लांब अरुंद बोळी असतात. या बोळींत एरवी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी म्हणजे हायड्रॉक्साइड बसलेला असतो. तीन कॅल्शियम कणांच्या त्रिकोणात त्याची जागा. पण त्याच्या डोक्यावरचा हायड्रोजन आडवा येतो, त्यामुळे तो त्रिकोणाच्या बरोबर मध्यात बसू शकत नाही, थोडा वर किंवा खाली सरकतो. फ्लोराइड आकाराने साधारण तेवढाच, पण गोल गरगरीत. तो तिथे आला की अचूक मध्यात बसतो आणि तिन्ही कॅल्शियमना जवळ ओढतो. एवढ्यावर भागत नाही. बोळीतील शेजारच्या हायड्रॉक्साइडचा हायड्रोजन त्याच्याकडे वळतो आणि दोघांत हायड्रोजन बंध जुळतो. धातूशी पकड आणि शेजाऱ्याशी बंध, असे दुहेरी कुलूप लागते. नव्या खनिजाची वीण अधिक घट्ट होते.

थोड्या प्रमाणात ही घट्ट वीण दातांच्या कामाची आहे. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल करतात. साधे दंतखनिज आम्लता ५.५ पीएचच्या खाली गेली की विरघळू लागते. फ्लोराइडयुक्त खनिज सुमारे ४.५ पर्यंत टिकते. दंतमंजनात फ्लोराइड घालण्यामागचे हे शास्त्र आहे, आणि ते खरे आहे. मंजन दाताच्या पृष्ठभागावर काम करून थुंकले जाते. पाणी गिळले जाते, रोज, जन्मभर. एकच पदार्थ एका मात्रेत दात राखतो आणि दुसऱ्या मात्रेत बिघडवतो, यात विसंगती नाही. औषधांच्या बाबतीत हे सर्वांना मान्य असते. पाण्याच्या बाबतीतही मान्य करायला हरकत नसावी.

दात बोलतात, पण उशिरा

अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य आला. गावात वाढलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग होते आणि बाहेरून आलेल्या मोठ्यांच्या दातांवर नव्हते. त्याने पाण्यावर संशय घेतला, पण नेहमीच्या तपासण्यांत काही सापडेना. आर्कान्सामधील बॉक्साइट या गावीही तेच. तिथे उथळ विहिरी सोडून खोल विहिरींचे पाणी घेतल्यानंतर वाढलेल्या मुलांचे दात डागाळले होते. हे गाव एका अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे. दोष अ‍ॅल्युमिनियमवर येईल या काळजीने कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी पाण्याची बारकाईने तपासणी केली, आणि १९३१ साली उत्तर मिळाले. दोषी अ‍ॅल्युमिनियम नव्हता, फ्लोराइड होता. मॅकेच्या पहिल्या शंकेपासून उत्तरापर्यंत तीस वर्षे गेली, कारण जे शोधायचे ते कोणी मोजतच नव्हते.

आज मोजणे सोपे आहे, तरी एक अडचण कायम आहे. पुढच्या कायमच्या दातांचे आवरण मूल साधारण चार-पाच वर्षांचे होईपर्यंत हिरडीच्या आत तयार होत असते. हे दात बाहेर येतात सहाव्या ते आठव्या वर्षी. दुसरीतल्या मुलाच्या दातांवर आज दिसणारे खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग ही त्याने तीन-चार वर्षांपूर्वी, कदाचित पाळण्यात असताना, प्यालेल्या पाण्याची नोंद असते. हे डाग दोन्ही बाजूंना सारखे आणि आडवे असतात, घासून जात नाहीत. ते दिसेपर्यंत त्याच्या पाठच्या भावंडाचेही तेच झालेले असते. दात पाहून पाणी तपासायला निघालेले गाव नेहमीच काही वर्षे मागे असते.

हाडांची कथा आणखी संथ चालते. तिशी-चाळिशीत सांधे दुखू लागतात, सकाळी पाठ धरते, मान वळत नाही. हाडे जाड होतात, पण चांगल्या अर्थाने नव्हे. स्नायुबंधांत कॅल्शियम साठतो आणि कणा बांबूसारखा ताठ होत जातो. पुढे मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आला तर पाय जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९७३ साली फ्लोराइडग्रस्त भागातील मुलांमध्ये गुडघे एकमेकांवर आदळणारी पायांची ठेवण आणि हाडांचा ठिसूळपणा यांचे वर्णन केले. जड हाडे आणि ठिसूळ हाडे, दोन्ही एकाच आजारात दिसतात. आहारातील कॅल्शियमची कमतरता दुसऱ्या प्रकाराला हातभार लावते.

दवाखान्यात मात्र हा रुग्ण ‘अंगदुखी’ या नावाने येतो. त्याला वेदनाशामक गोळी मिळते. बरे वाटते म्हणून तो ती पुन्हा घेतो, दुकानातून घेतो, वर्षानुवर्षे घेतो. अशा गोळ्यांचा दीर्घ वापर मूत्रपिंडाला अपाय करू शकतो, आणि फ्लोराइड बाहेर टाकण्याचा मुख्य रस्ता मूत्रपिंडातूनच जातो. म्हणजे दुखण्याची गोळी दुखण्याच्या कारणालाच शरीरात थांबवून ठेवते. हे चक्र तोडण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. कंबरदुखीच्या रुग्णाला ‘पाणी कुठले पिता?’ हा एक प्रश्न, त्याच्या मुलांच्या दातांकडे एक नजर, आणि शंका आली तर हाताच्या पुढच्या भागाचा एक क्ष-किरण फोटो. कोपर ते मनगट या दोन हाडांमधल्या पडद्यात कॅल्शियम साठलेला दिसला तर निदान जवळजवळ हाती येते. लघवीतील फ्लोराइडची तपासणी त्याला जोड देते. प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ते अर्धे मिनिट काढावे लागेल.

किती म्हणजे जास्त?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानला आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावा असे ते मानक म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५ आहे, पण स्थानिक हवामान आणि लोक पाणी किती पितात हे पाहून मर्यादा ठरवावी, असे ती सांगते. आपल्याकडे ही पुष्टी फार महत्त्वाची आहे. शहरात पंख्याखाली बसणारा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पीत असेल. मे महिन्यात विदर्भात शेतावर किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्याला पाच-सहा लिटर लागते.

हिशेब साधा आहे. पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर पहिल्याच्या पोटात ६ मिलिग्रॅम जातो, दुसऱ्याच्या १५ ते १८. सर्व मार्गांनी मिळून दिवसाला १४ मिलिग्रॅम गेला तर हाडांना अपाय होतो याचा स्पष्ट पुरावा आहे, आणि ६ मिलिग्रॅमच्या वर धोका वाढत असल्याचे संकेत आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. एकाच हातपंपाचे पाणी गावातील सावलीतल्या माणसाला निभावते आणि उन्हातल्या माणसाला वाकवते. यात चहाचा फ्लोराइड धरलेला नाही. चहाचे झाड मातीतून फ्लोराइड आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही उचलते आणि पानांत साठवते. दिवसाकाठी पाच-सहा कप कोरा चहा घेणाऱ्याने तोही जमेस धरावा.

प्रमाण किती सूक्ष्म आहे हेही पाहावे. हजार लिटरच्या टाकीत दीड ग्रॅम म्हणजे चिमूटभर फ्लोराइड ही मर्यादा. तेवढे जिभेला कळणे अशक्यच.

धातूच्या गळाला मासा

पाण्याच्या वेढ्यातून फ्लोराइडला बाहेर काढायचे तर पाण्यापेक्षा जास्त ओढीचे काहीतरी समोर ठेवावे लागते. तो मान धातूचा. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात पुढे आणलेली ‘नलगोंडा पद्धत’ याच तत्त्वावर उभी आहे. पाण्यात तुरटी आणि थोडा चुना मिसळायचा. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियमचा भुरभुरीत साका तयार होतो, फ्लोराइड त्याला चिकटतो, साका तळाशी बसतो, वरचे पाणी अलगद काढून घ्यायचे. साहित्य किराणा दुकानात मिळते, वीज लागत नाही. मात्र गढूळ पाणी निवळायला फिरवतो तशी तुरटी फिरवून हे साधत नाही. तिचे प्रमाण त्या पाण्यातील फ्लोराइड आणि क्षारतेवरून ठरवावे लागते. कमी पडली तर फ्लोराइड राहतो, चुकीची पडली तर अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उरतो. तळाचा साकाही पुन्हा विहिरीजवळ ओतायचा नसतो.

दुसरा मार्ग सक्रिय अ‍ॅल्युमिनाच्या दाण्यांचा. पाणी दाण्यांच्या थरातून जाते आणि फ्लोराइड दाण्यांवरच्या अ‍ॅल्युमिनियमला धरून बसतो. पण दाण्यांवरच्या जागा मोजक्या असतात. त्या भरल्या की पाणी पहिल्यासारखेच नितळ वाहत राहते आणि फ्लोराइड जसाच्या तसा पुढे जातो. मग दाणे कॉस्टिक सोड्याने आणि आम्लाने धुऊन पुन्हा तयार करावे लागतात किंवा बदलावे लागतात. आरओ यंत्र फ्लोराइड अडवते, पण त्यालाही पडदा बदलणे, वीज आणि वाया जाणाऱ्या पाण्याची सोय हवीच.

या सगळ्या उपायांची कच्ची बाजू एकच आहे. बिघडलेले यंत्र बिघडल्याचे सांगत नाही. पंखा बंद पडला तर उकडते, दिवा गेला तर अंधार होतो; गाळणीची ताकद संपली तर कोणालाच काही जाणवत नाही. उद्घाटनाच्या दिवशी शून्याजवळ असलेला आकडा वर्षाने किती आहे हे पाहायला माणूस नेमलेला नसेल, तर ते यंत्र लोकांना खोटा धीर देते. खोटा धीर काही वेळा उघड धोक्यापेक्षा वाईट, कारण लोक दूरच्या चांगल्या विहिरीवर जाणेही सोडून देतात.

तपासणीसाठीही फ्लोराइडचा तोच गुण कामी येतो. गावात वापरल्या जाणाऱ्या किटमध्ये झिर्कोनियम या धातूशी बांधलेला रंग असतो. पाण्यात फ्लोराइड असेल तर तो झिर्कोनियमला रंगापासून ओढून घेतो आणि रंग बदलतो. बदल जितका जास्त, तितका फ्लोराइड जास्त. प्रयोगशाळेतील अचूक विद्युताग्रात लँथॅनम या धातूच्या फ्लोराइडचा स्फटिक बसवलेला असतो. ज्या पकडीमुळे हाड ताठ होते, त्याच पकडीने पाणी शुद्ध करता येते आणि त्याच पकडीने ते मोजता येते. विज्ञानाने आपले काम केलेले आहे. उरलेले काम कारभाराचे आहे.

पाणी एका खात्याचे, हाडे दुसऱ्या

कारभाराच्या बाजूने काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. फ्लोरोसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. तरीही पाण्याचा अहवाल एका कार्यालयात, दातांची नोंद दुसऱ्या, आणि कंबरदुखीचा केसपेपर तिसऱ्या ठिकाणी राहतो. तिन्ही कागद एका टेबलावर आले तर कोणत्या वस्तीने कोणत्या पंपाचे पाणी सोडायचे हे एका दुपारी ठरवता येईल.

त्यासाठी नवी योजना लागत नाही; चार साध्या सवयी लागतात. पहिली, नव्या बोअरचे पाणी फ्लोराइड तपासल्याशिवाय पिण्यासाठी खुले करू नये. पाणी लागल्याचा आनंद खरा असतो, पण पेढ्यांआधी नमुना जावा. दुसरी, तपासणी पावसाळ्यानंतर करून थांबू नये. पावसाने विरळ झालेले पाणी ऑक्टोबरात उत्तीर्ण होते आणि मे महिन्यात नापास. माणूस सर्वांत जास्त पाणी पितो ते मे महिन्यातच. तिसरी, गाळणी बसवताना तिच्या देखभालीचा खर्च, दाणे धुण्याची तारीख आणि जबाबदार माणूस हे त्याच ठरावात लिहावे, आणि गाळणीतून बाहेर पडणारे पाणी ठरावीक दिवसांनी किटवर तपासून नोंदवहीत चढवावे. चौथी, शाळेतील आरोग्य तपासणीत दातांचे डाग वस्तीनुसार मोजावेत आणि तो आकडा पाणीपुरवठ्याकडे पोहोचवावा.

यावर नेहमीचे उत्तर असते की गावाला दुसरे पाणीच नाही. पुष्कळ ठिकाणी ते खरेही आहे. पण सगळे पाणी शुद्ध करायची गरज नसते. धुणी, भांडी, आंघोळ, जनावरांच्या गोठ्याची स्वच्छता यांना फ्लोराइडचे पाणी चालते. पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी दिवसाला सात-आठ लिटर पुरतात. तेवढे शेजारच्या सुरक्षित विहिरीतून, छपरावर धरलेल्या पावसातून किंवा नीट सांभाळलेल्या गाळणीतून मिळवणे गावाच्या आवाक्यात असते. फ्लोराइड असलेला पंप बंद करण्याचीही गरज नाही. त्याचे पाणी कशासाठी वापरायचे आणि कशासाठी नाही, हे तिथे लिहिलेले असले म्हणजे झाले. गावाला मिळालेले हिरवे कार्ड या प्रश्नाचे उत्तर देत नाही, कारण ते मुख्यतः स्वच्छतेचा आणि जंतुसंसर्गाचा धोका सांगते.

घरातही थोडे करता येते. मुलांच्या जेवणात नाचणी, तीळ, दूध-ताक, पालेभाज्या वाढवाव्यात. त्याने फ्लोराइडचा काही भाग पोटातच अडतो. हे पाणी बदलण्याला पर्याय नाही, जोड आहे. लहान मुलांना फ्लोराइडचे मंजन वाटाण्याएवढेच द्यावे, तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढे, आणि ते गिळणार नाहीत हे पाहावे. ज्यांना त्रास सुरू झाला आहे त्यांनीही पाणी बदलावे. ताठ झालेला कणा सैल होत नाही, दातावरचा डाग जात नाही, पण हाडांतील फ्लोराइड वर्षांच्या हिशेबाने हळूहळू उतरतो, नवी भर थांबते, आणि सुरुवातीच्या दुखण्यात अनेकांना आराम पडतो.

प्रत्येक हातपंपावर तो बसवणाऱ्या योजनेचे नाव रंगवलेले असते. त्याखाली एक ओळ आणखी मावते, फ्लोराइड किती आणि तपासले कधी. पाणी भरायला आलेल्या बाईला तो आकडा वाचता यावा आणि दीडच्या वर दिसला तर कोणाला विचारायचे हे माहीत असावे. जिभेला जे कळत नाही, ते निदान डोळ्यांना दिसायला हवे.